तिच्या नावाची हजेरी

८ जानेवारी, रविवार

सहाव्या घराचं जोतं आज पुरं झालं. कंबरेचे पार बारा वाजले. गिरणीवरच्या माझ्या खोलीत एरवी पिठाशिवाय कशाचा वास येत नाही. आज अंगाला ओल्या सिमेंटचा होता. आंघोळीआधी पाच मिनिटं तसाच बसून राहिलो.

हजेरीची खरी वही मुख्याध्यापिका बाईंकडे असते. त्या आमच्या संघाच्या अध्यक्ष. त्या वहीत कोण आलं आणि किती तास राबलं एवढंच. ही वही माझी. एसटीत कंडक्टर होतो तेव्हासारखा इथे कोणी तपासनीस चढणार नाही, तेव्हा मनात येईल ते लिहायचं ठरवलंय.

नियम एकदा लिहून ठेवतो, कारण त्यातला एक माझाच. गावातली निम्मी घरं शहरवाल्यांनी घेतली. शनिवारी येतात, रविवारी कुलूप लावून जातात. भाड्याने खोली मिळेना, तशी तरणी पोरं बायकामुलांसकट निघून गेली. शाळेत अकरा मुलं उरली. पंधराच्या खाली गेली की शाळा बंद करतात. मागच्या वर्षी वरून पत्र आलं, यंदाच्या जूनअखेरपर्यंत मुदत आहे. मग आम्हीच बंद पडलेल्या डेअरीची पडीक जागा मागून घेतली आणि संघ काढला. आठ घरं, गवंडी एक, बाकी हात आमचेच. दर रविवारी प्रत्येक घरातून एक माणूस. कुठलं घर कोणाचं हे शेवटी चिठ्ठ्या टाकून ठरणार, म्हणजे आपलं समजून सगळेच सगळी घरं नीट बांधतात. घर विकता येणार नाही. सोडून गेलात तर संघाकडे परत.

माझा नियम असा की घर फक्त मुलंबाळं असलेल्या, इथेच राहणाऱ्या कुटुंबाला. पहिल्या सभेत मीच उठून म्हणालो, "आमच्यासारख्या एकट्या म्हाताऱ्यांना घरं दिलीत तर शाळेत काय आम्ही पाटी घेऊन बसायचं?" सगळे हसले आणि नियम झाला.

म्हणजे मला घर नाही. मला नकोच आहे. मी राबतोय तो लेकीसाठी. लांब असलेल्याच्या वतीने नातेवाइकाने काम केलं तर चालतं, फक्त चिठ्ठीच्या दिवशी त्याने स्वतः येऊन सही करायची. म्हणून दर रविवारी हजेरीत मी तिचं नाव लिहितो. माझ्या अक्षरात तिचं नाव. लिहिताना मजा वाटते.

११ जानेवारी, बुधवार

बुधवारी लेकीचा फोन असतो. हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीवर बसते, बुधवारी दुपारी गर्दी कमी असते म्हणे. मी जोत्याचं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, जोतं फार उंच नका ठेवू. दारात दोन पायऱ्या पुरेत."

बघा, किती बारीक विचार. नात धावत येते आणि धडपडते ना.

"आणि उंबरठा नकोच," म्हणाली. "पाय अडकतो."

मी म्हटलं, "तू सांगशील तसं." फोन ठेवल्यावर आरशात पाहिलं तर मी अजून हसतच होतो. तेवढ्यात खाली गिरणी सुरू झाली आणि कप बशीत नाचायला लागला.

५ फेब्रुवारी, रविवार

आज गवंड्याशी वाजलं. भिंती खिडकीपर्यंत आल्यात. तो म्हणाला, खिडकीची कड साडेतीन फुटांवर घ्यायची. मी म्हटलं, दोन फुटांवर घे आणि आत रुंद ठेव, म्हणजे पोरांना बसता येईल.

"कुठल्या घरात?"

"आठही घरांत."

त्याने थापी खाली ठेवली. "कंडक्टर, तुमच्या नातीसाठी आठ घरांच्या खिडक्या खाली आणू?"

"कुठलं घर निघेल काय सांगावं! सगळीच खाली घे."

"पोरं पडतील बाहेर."

"गज लावू."

हा गवंडी तसा देवमाणूस, पण तोंड ओळंब्यासारखं सरळ आणि जड. शेवटी बाई मध्ये पडल्या. त्या म्हणाल्या, शाळेतही मुलं खिडकीतच बसतात, बाकावर बसवून दमले मी. मग ठरलं. नात कंबरेला हात लावून उभी असते तेव्हा तिची कंबर माझ्या गुडघ्याच्या थोडी वर येते, तेवढं माप मी हाताने दाखवलं. गवंड्याने सुतळीला गाठ मारून घेतली.

खिडकीत बसून ती पाय हलवेल आणि येणाऱ्या जाणाऱ्याला नावं ठेवेल. आजोबांवर गेली आहे.

१ मार्च, बुधवार

पार्सल आलं. लेकीने पाठवलंय. स्टीलचा जाड दांडा, दोन्ही टोकांना स्क्रू. न्हाणीघरात भिंतीला लावायचा, धरून उठायला. फोनवर म्हणाली, "विसरू नका बाबा, नक्की लावा. ओल्या फरशीवर भरवसा नाही."

कामावर घेऊन गेलो, सगळ्यांना दाखवला. घरावर अजून छप्पर घालायचंय आणि सामान यायला लागलं! गवंड्याने हातात घेऊन तोलला. "चांगला आहे. हा कमरेच्या उंचीवर लावतात."

"पोरीला कसा पुरणार? खाली लावायचा."

"पोरीला?" तो म्हणाला. मग दांडा कागदात गुंडाळून परत दिला आणि सिमेंट कालवायला गेला. त्याचं हे अर्धवट बोलणं मला मुळीच आवडत नाही.

दांडा खाटेखाली ठेवलाय.

१९ मार्च, रविवार

आज माझं डोकं फिरलं, आणि चूक माझी नव्हती असं संध्याकाळपर्यंत वाटत होतं.

आरोग्य उपकेंद्रातली सिस्टर, दोन मुलं घेऊन औषधांच्या कोठीत राहते. खोक्यांच्या मधे अंथरूण. नवऱ्याने सोडलंय. तिची बदली इथे झाली तोवर आठ नावं पुरी झाली होती, तिचा अर्ज तीन दिवस उशिरा आला. ती नववी. कोणी सुटलं तरच तिचा नंबर. तरी ती दर रविवारी येते. घमेली उचलते, भिंतींवर पाणी मारते, कोणाचं बोट चेचलं तर बांधते. तिची हजेरी कुठल्याच घराच्या नावे नाही, वहीच्या शेवटच्या पानावर वेगळी आहे. नाव ठेवायला जागा नाही अशी.

दुपारी सावलीत बसलो होतो. ती जवळ येऊन म्हणाली, "काका, ताई कधी येणार म्हणाल्या?"

"घर झालं की."

"तसं स्पष्ट म्हणाल्या? तुम्ही विचारलंत?"

मला झोंबलं. म्हटलं, "सिस्टर, तुमचा डोळा घरावर आहे हे सगळ्यांना दिसतं. नियम म्हणजे नियम. तीन दिवस उशीर म्हणजे उशीर. गाडी सुटल्यावर हात दाखवून उपयोग नाही."

तिने घमेलं उचललं आणि गेली. तिचा धाकटा मातीच्या ढिगावर बसून माझ्याकडे बघत होता. मी काढता पाय घेतला.

२३ मार्च, गुरुवार

चार दिवस सिस्टरचा प्रश्न डोक्यातून जात नाही. इथे कोणी तपासनीस नाही म्हणालो होतो, तर खरं लिहितो.

मी विचारलेलं नाही.

खिडक्या सांगितल्या, पायऱ्या सांगितल्या, डेअरीचं शीतगृह पुन्हा सुरू होतंय आणि फ्रिज दुरुस्त करणारा माणूस मिळत नाही हेही मुद्दाम सांगितलं, कारण जावई तेच काम करतो. "घर" म्हणालो, "आपलं घर" म्हणालो. पण "तुम्ही परत या" असं तीन शब्दांत म्हणालो नाही. एकतीस वर्षं अनोळखी माणसांना "कुठे जाणार?" विचारत हिंडलो. पोटच्या पोरीला विचारताना जीभ टाळ्याला चिकटते.

त्यामागचं कारणही मला ठाऊक आहे. पाच वर्षांपूर्वी आमचं भाड्याचं घर मालकाने शहरवाल्यांना विकलं. लेकीच्या आईला जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. लेक आणि जावई इथेच राहायला बघत होते, दोन महिने खोली शोधली. शेवटी एक दिवस ती सामान बांधलेल्या खोक्यावर बसून म्हणाली, "बाबा, काय करू?" आणि मी म्हटलं, "जा तिकडे. इथे काय ठेवलंय?" मोठेपणा केला. तिला वाटू नये की बाप आड येतोय. ती गेली. त्या संध्याकाळी गिरणीवाल्याकडे या खोलीचं विचारायला गेलो, तर पायऱ्या चढताना मला कठडा धरावा लागला.

आता तिला ये म्हणायचं तर आधी जा म्हणालो होतो ते खोडावं लागेल. घर उभं राहिलं की ते आपोआप खोडलं जाईल असा माझा हिशोब आहे. भिंत दिसली की तिलाच कळेल.

सिस्टरला "चुकलो" म्हणायला हवं. रविवारी बघू.

२६ मार्च, रविवार

म्हणालो. ती म्हणाली, "जाऊ द्या काका, घमेलं धरा." धरलं.

१६ एप्रिल, रविवार

आठही घरांवर पत्रे चढले. सगळी मंडळी आज वर होती, अगदी बाईसुद्धा साडीचा पदर खोचून. मी तिसऱ्या घरावर होतो. वरून शाळा दिसते, उपकेंद्र दिसतं, आणि बस वळते तो रस्त्याचा बाक दिसतो. मी बराच वेळ तिकडेच बघत बसलो, तर खालून गवंडी ओरडला, "कंडक्टर, बेल मारू का? उतरा आता!" सगळे खो खो हसले.

हसू देत. कुठल्याही छपरावर चढलो तरी मी तेच बघणार. पूर्वी गाडीत उभा राहून मागच्या काचेतून पाहायचो, लेक शाळेच्या फाटकाशी दप्तर घेऊन उभी असायची. माझी गाडी गेली की मगच आत जायची. मास्तर ओरडायचे तरी. आता कुठलंही घर तिचं निघालं तरी दारातून तो बाक दिसेल. मी आठही दारांत उभं राहून पाहून घेतलंय.

१० मे, बुधवार

आली! म्हणजे येते. तारीख ठरली, २५ जूनला चिठ्ठ्या. मी सांगितलं, तुला यावंच लागेल, सही लागते.

"येते ना," म्हणाली. "दोन दिवस रजा काढते. घर नीट लावून देते. पडदे मी आणते, तुम्ही माप पाठवा. आणि बाबा, शेजारी कोण असेल? आवाज दिला तर ऐकू जाईल एवढं जवळ आहे ना?"

"भिंतीला भिंत आहे."

"उपकेंद्र किती पावलं?"

"दोनशे चौदा." मोजलीत मी.

"मग माझा जीव भांड्यात पडला," ती म्हणाली.

दोन दिवस म्हणाली तेव्हा क्षणभर चुकचुकलं. पण बरोबरच आहे. आधी येऊन घर लावेल, मग तिकडची कामं आवरून सामान आणेल. शाळेचं वर्षही सुरू व्हायचंय. बाईंना लगेच जाऊन सांगितलं की एक मूल नक्की धरा. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "सही होऊ दे हो." शिक्षकी पेशा, कशावर आनंद दाखवायचा नाही.

११ जून, रविवार

गिलावा सुकला. रंग झाला. आठही घरं पांढरी, दारं हिरवी. आज फक्त झाडलोट होती. मी एकेका घरात जाऊन खिडकीत बसून पाहिलं. सात नंबरची कड थोडी तिरकी आहे, पण गवंड्याला सांगणार नाही, तो जेवायचा नाही.

सिस्टर पाचव्या घरात फरशी पुसत होती. पुसून झाल्यावर तिथेच भिंतीला टेकून बसली आणि डोळे मिटले. मी दारात होतो, तिला कळलं नाही. मी आवाज न करता मागे फिरलो.

तिच्यासाठी वाईट वाटतं. पण माझ्याही लेकीने कुठवर शहरातल्या त्या दीड खोलीत राहायचं?

२४ जून, शनिवार, संध्याकाळ

आल्या दोघी. जावयाला रजा मिळाली नाही. बस थांबली आणि आधी नात उतरली. मी वाकून हात पसरले आणि मला सरळ व्हावं लागलं, कारण तिचं डोकं माझ्या छातीपर्यंत आलंय. दोन वर्षांत! फोनवर उंची दिसत नाही.

लेक जरा वाळलीय. केसांत पांढरं दिसलं. गिरणीवरचा जिना चढताना म्हणाली, "सुटलात एकदाचे या खोलीतून." "सुटलो" म्हणायच्या ऐवजी सुटलात म्हणाली, थकली असेल प्रवासाने. आल्या आल्या माझ्या औषधांच्या पुड्या बघितल्या, खाटेखालचा दांडा काढून धूळ पुसली. "हा उद्याच लावून घेऊ. गवंडीदादांना मीच सांगते."

आत्ता दोघी खाली ओट्यावर बसल्यात. नात गिरणीवाल्याला विचारतेय की पीठ पांढरं कसं होतं. गिरणी बंद आहे, त्यामुळे तिचा आवाज इथवर येतोय. मला खाली जायला हवं, पण दोन ओळी लिहून जातो. खोलीत तिघांच्या चपला-बुटांची गर्दी झालीय. पाय ठेवायला जागा नाही. असंच असावं.

२६ जून, सोमवार, सकाळ

कालचं लिहितो. सगळं लिहितो.

सकाळी घरं दाखवायला नेलं. नात पहिल्याच खिडकीत बसायला गेली, तर तिचे गुडघे हनुवटीला लागले. "आजोबा, ही बाळांची खिडकी आहे," म्हणाली आणि उठली. गवंडी तिथेच होता. त्याने तोंड फिरवलं.

लेक घराघरातून हात फिरवत गेली. न्हाणीघर, दार, पायऱ्या. चौथ्या घराच्या दारात थांबली आणि म्हणाली, "यातलं कुठलं निघावं असं वाटतं तुम्हाला?"

"तुला आवडेल ते."

"मला काय करायचंय? राहणार तुम्ही."

मला ऐकू आलं. पण कळायला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. उंबरठा नको, दांडा लावा, शेजारी जवळ हवा, उपकेंद्र किती पावलं. सगळं एकदम कळलं. चौदा महिने ती माझं घर बांधत होती आणि मी तिचं.

 अजूनही वाटत होतं, तेवढं गप्प राहिलो तर निभावेल. तेवढ्यात बाई हजेरीची वही घेऊन आल्या. लोक जमले होते. "ताई, इथे तुमची सही."

"माझी कशाला? बाबांची ना?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं. लेकीने वही घेतली, पान उलटलं. मग आणखी एक. दर रविवारी तिचं नाव. माझं अक्षर तिला लहानपणापासून ठाऊक, माझ्या तिकिटांच्या हिशोबाच्या कागदांवरच्या सह्या बघून तिने अक्षर गिरवलंय. ती उलटत राहिली. पहिल्या पानापर्यंत गेली. तिच्या ओठांची हालचाल चालली होती, मोजत असावी.

"एकसष्ट," ती म्हणाली. "बाबा, एकसष्ट रविवार मी इथे आहे?"

कोणीतरी खोकलं. तिने माझं मनगट धरलं आणि मला घरामागे नेलं, वाळूच्या उरलेल्या ढिगाकडे. लहानपणी मी तिला असंच बाजूला न्यायचो, रागवायला.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगतच होतो की. खिडक्या..."

"खिडक्या नाही. हे."

तेव्हा विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, "तुम्ही परत या ना. मला तुम्ही इथे हवे आहात." आवाज माझा वाटत नव्हता.

तिने वाळूत पायाने रेघ ओढली. मग म्हणाली, "नाही बाबा. नाही जमणार. त्यांचं काम तिकडे बसलंय, हिची शाळा आहे. मलाही माझी खिडकी आवडते. लोक घाबरून येतात, मी त्यांना नीट सांगते कुठे जायचं. मी तिथली झाले आता." आणि मग रडायला लागली. "पाच वर्षांपूर्वी तुम्ही नुसतं थांब म्हणाला असतात ना, तरी मी थांबले असते. औषधांच्या कोठीत राहिले असते. खोक्यावर बसून तेवढ्याचसाठी विचारलं होतं तुम्हाला."

मला माहीत नव्हतं. 

मी तिचे डोळे पुसले. माझ्या बाहीला चुना होता, तिच्या गालाला लागला. म्हटलं, "मोठेपणा केला गं मी." ती म्हणाली, "माहितीये."

परत आलो. मी बाईंना म्हटलं, नाव काढा.  मग गवंडीच म्हणाला, "कंडक्टरच्या नावावर करा. राबलाय माणूस." दोघातिघांनी मान हलवली. लेकीने माझ्याकडे पाहिलं, तिच्या डोळ्यांत तेच होतं. खोटं कशाला लिहू, मलाही मोह झाला. हिरवं दार, दोन पायऱ्या, भिंतीला दांडा. गिरणीचा धडधडाट नाही.

पण समोर सिस्टरची दोन पोरं उभी होती. अकरा मुलं, त्यात सात घरांतून येणारी, आणि कोठीत किती दिवस टिकतील ठाऊक नसलेली ही दोन. मी मनात डोकी मोजली, ती सवय सुटत नाही. म्हटलं, "नियम माझाच आहे. नवव्या नंबरला बोलवा." आणि पेन घेऊन लेकीच्या नावावर मीच रेघ मारली. एकच रेघ, सरळ. एकतीस वर्षांत एवढा जोर कुठल्या कागदावर दिला नसेल.

सिस्टरने चिठ्ठी उचलली. पाच नंबर निघाला. ती आधी हसली, मग खाली बसली आणि पदरात तोंड घातलं. नंतर माझ्यापाशी आली. मीच म्हटलं, "घमेलं ठेवा आता खाली." लेकीने आणलेले पडदे तिला देऊन टाकले. दांडाही द्यायला निघाली, तो मी काढून घेतला. म्हटलं, खोलीत लावीन. मला लागतो तो.

संध्याकाळी त्यांना बसवून दिलं. दुसऱ्या दिवसाची रजा होती तरी ती थांबली नाही, आणि मी आग्रह केला नाही. थांबली असती तर दोघांनाही जड गेलं असतं. नातीने मागच्या काचेला नाक लावलं होतं. गाडी बाकावरून वळली, तरी मी उभाच.

२ जुलै, रविवार

सिस्टरचं सामान हलवलं. एका हातगाडीत मावलं. बाईंनी सांगितलं, शाळा राहिली. गवंडी माझ्या खोलीवर आला आणि दांडा कमरेच्या उंचीवर पक्का करून गेला. चहाला थांबला नाही.

बाई म्हणतात, डेअरीच्या मागच्या पट्टीत एकट्या माणसांसाठी चार खोल्या काढता येतील का बघू, पुढल्या सभेत विषय घेऊ. मी म्हटलं, घ्या. नियम मात्र दुसऱ्या कोणाला तरी करू द्या.

५ जुलै, बुधवार

फोन करील की नाही याचीच सकाळपासून धास्ती होती. दुपारी आला. आधी दोघंही हवापाण्याचं बोललो. नातीला खोकला आहे. जावयाने नवी सायकल घेतली. बांधकामाचं काही उरलं नसल्याने माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं.

मग ती म्हणाली, "बाबा, तिथे एकटं वाटतं का?"

"छे, मला काय धाड भरलीय!" हे ओठांवर आलं होतं. इतकी वर्षं हेच म्हणत आलो.

मी म्हटलं, "हो. फार वाटतं."

पलीकडे कोणीतरी खिडकीवर टकटक करत होतं. ती त्या माणसाला "दोन मिनिटं थांबा" म्हणाली.  तिचा श्वास ऐकू येत होता. फोन कोणीच ठेवला नाही.